ट्रकच्या चावीला गार्ड बसवण्याआधी

फलटणकडच्या एका गाडीमालकांचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे दहा चाकी आणि बारा चाकी मिळून चार गाड्या आहेत. वर्षभरात तीन वेळा चावी लॉकमध्येच वाकली किंवा तुटली. एकदा ड्रायव्हर केबिनमध्ये चढताना, एकदा क्लीनर आतून काच पुसताना, आणि तिसऱ्या वेळी काय झालं ते कोणी कबूल करायला तयार नाही. चावीभोवती लोखंडी गार्ड बसवायचं त्यांच्या मनात आहे. कसलं बसवू, असं ते विचारतात.

गार्डचं सांगतो, पण शेवटी. 27 वर्षं कळंबोलीत ट्रकच्या देखभालीचं काम करतोय, त्याआधी चार वर्षं एका वायरमनच्या हाताखाली काढली. गार्ड मागायला येणाऱ्यांच्या गाडीत डोकावलं की बहुतेक वेळा एकच चित्र दिसतं. इंजिन बंद, ड्रायव्हर चहाला गेलेला, आणि चावी लॉकमध्ये लटकलेली. तुमचे पहिले दोन प्रसंगही उभ्या गाडीतलेच आहेत. तिसराही तसलाच असणार. चालत्या गाडीत चावी तुटली असती तर ड्रायव्हरने रस्त्यावरून तुम्हाला स्वतःहून फोन केला असता.

म्हणजे चावी तिथे असायची गरजच नव्हती, तेव्हा ती तुटली. माझं सगळं उत्तर यातूनच निघतं.

चावी किती नाजूक असते ते आधी बघू, कारण 'चांगल्या कंपनीची, जाड चावी करून घेतो' हा पुढचा प्रश्न असतोच. चावी बहुधा पितळेची असते, वरून निकेलचा मुलामा. पातं साधारण 2 मि.मी. जाड. डोक्याजवळच्या पहिल्या खोल खाचेपाशी रुंदी जेमतेम 5 मि.मी. उरते, आणि तुटलेली चावी पाहा, बहुतेक वेळा तिथेच तुटलेली असते. डोकं लॉकच्या बाहेर 3 सें.मी. आलेलं धरलं, तर पातळ अंगावर चार किलोच्या आसपास आडवा दाब आला की पितळ कायमचं वाकतं. चार किलो म्हणजे बाजारातून आणलेली कांद्याची पिशवी. केबिनमध्ये चढणाऱ्या सत्तर-ऐंशी किलोच्या माणसाचा गुडघा याच्या कितीतरी पट जोर लावतो. त्या गुडघ्याला पुरून उरेल अशी चावी कोणी बनवत नाही. बनवली तरी मग लॉक फुटेल, आणि ते चावीपेक्षा महाग.

त्यात एक बारकावा आहे. माझ्याकडच्या बहुतेक गाड्यांत बंद स्थितीत चावीचं पातं उभं असतं आणि ऑनला ते आडवं होत जातं. उभं असताना दाराकडून आलेला मांडीचा धक्का थेट पातळ अंगावर बसतो. आडवं असताना खालून वर येणारा गुडघा तेच करतो. तुमच्या गाडीत पातं कधी कसं फिरतं ते एकदा सीटवर बसून बघा. धोका कुठल्या बाजूने येतो ते तिथेच कळेल.

आणि वाकलेली चावी पक्कडीने सरळ करून वापरायची खोड सोडायला लावा. पितळ वाकवलं आणि परत सरळ केलं की त्या जागी ते कडक आणि ठिसूळ होतं, खाचेच्या कोपऱ्यात केसासारखी चीर पडते. मग महिन्याभराने ऐन थंडीत पहाटे सेल्फ मारताना ती हातात येते आणि ड्रायव्हर म्हणतो, 'काही केलं नाही हो, आपोआप तुटली.' त्याचं एका अर्थी खरंच असतं. सरळ केलेली चावी तुटलेलीच समजायची. तिच्या जागी नवीन करायची आणि तिला कायमची सुट्टी द्यायची.

आता सवयीबद्दल. आमच्याकडे क्रम ठरलेला आहे: हँडब्रेक, इंजिन बंद, चावी हातात, मग दार. चावी हातात आल्याशिवाय दाराच्या कडीला हात लावायचा नाही. ऐकायला पोरखेळ वाटेल, पण जुन्या ड्रायव्हरच्या अंगवळणी पडायला तीन-चार महिने जातात. चावी कुठे ठेवायची तेही सांगावं लागतं. नुसतं 'काढ' म्हटलं की ती डॅशबोर्डवर पडते, तिथून डिफ्रॉस्टरच्या फटीत जाते आणि अर्धा डॅश खोलायची वेळ येते. आम्ही पट्टी दिली आहे, गळ्यात नाही, पँटच्या लुपीत अडकवायची. गळ्यातली पट्टी इंजिनवर वाकताना फॅनबेल्टमध्ये जाऊ शकते. तुमचा ड्रायव्हर लुंगीवर असेल तर खिशाला बटण असलेला शर्ट घालायला सांगा, दुसरं काय.

कायद्याचा रोखही इकडेच आहे, हे ड्रायव्हरला सांगायला उपयोगी पडतं. मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 126 प्रमाणे सीटवर लायसनवाला माणूस नसेल, तर गाडीची यंत्रणा बंद करून ब्रेक लावून किंवा तसाच दुसरा बंदोबस्त करून, ती चुकून जागची हलणार नाही अशी ठेवूनच सार्वजनिक जागी सोडायची असते. चावी लावून ठेवलेल्या गाडीत रेडिओ ऐकायला चढलेल्या पोराने सेल्फ मारला आणि गिअरमधली गाडी हातभर पुढे गेली, हे मी कळंबोलीच्या यार्डात डोळ्यांनी पाहिलंय. सुदैवाने पुढे भिंत होती, माणूस नव्हता.

बीएस-6 गाडी असेल तर एक पोटकलम. चावी बंद करून काढली म्हणजे लगेच बॅटरीचा कट-ऑफ ओढायचा नाही. धूर साफ करायच्या युरियाची लाइन रिकामी करायला पंप चावी बंद झाल्यावरही थोडा वेळ चालतो. मॅन्युअलमध्ये वेळ दिलेली असते, आम्ही तीन मिनिटं थांबतो. नाहीतर चावी वाचेल आणि त्या युरियाच्या पंपाचं काम निघेल.

चढताना चावी मोडली, हा तुमचा पहिला प्रसंग. त्या गाडीच्या दाराजवळची उभी दांडी जागेवर आहे का, ते आधी जाऊन बघा. माझी पैज आहे, एक तर ती गायब असेल किंवा वरचा बोल्ट निघून ती हलत असेल. दांडी नसली की माणूस काय धरतो? स्टिअरिंग. स्टिअरिंग धरून अंग वर ओढलं की शरीर पुढे फिरतं आणि उजवा गुडघा नेमका स्टिअरिंगच्या कॉलमच्या अंगाला जातो, जिथे चावी आहे. दांडी धरून चढलं की कंबर सीटच्या दिशेने जाते. दांडी धरणारे दोन बोल्ट आणि एक रबर वॉशर, एवढ्याने पुष्कळ चाव्या वाचतात. पायरी घासून गुळगुळीत झाली असेल तर तीही बघा, पाय घसरला की हात मिळेल ते पकडतो. आणि उतरताना तोंड केबिनकडे ठेवून उतरायचं. पाठ करून उडी मारणाऱ्याचा टॉवेल किंवा शर्टाचा घोळ चावीत अडकतो. खांद्यावरच्या टॉवेलने चावी वाकलेली मी बघितलीय.

सीटचंही तसंच. फोम बसला की ड्रायव्हर खाली गादी टाकतो, गुडघा दोन-तीन इंच वर येतो आणि क्लच दाबून सोडताना, नाहीतर पाय बदलताना, कॉलमच्या खालच्या अंगाला लागायला लागतो. सीटचं फोम बदला. टिल्ट स्टिअरिंग असेल तर उतरायच्या आधी ते वर करून ठेवायला सांगा.

आता जुडगा. तुमच्या चावीच्या कडीत काय काय आहे? इग्निशन, डिझेल टाकीचं झाकण, टूलबॉक्स, फाळक्याचं कुलूप, घरची एक, पितळी गणपती, बाटली उघडायचं एक, बरोबर? खड्ड्यात गाडी आपटली की हा सगळा लोंबता भार लॉकला हिसके देतो. आतल्या पत्र्या झिजतात, चावी सैल होते, आणि सैल चावी ऑनवरून सरकू शकते.

ही काही माझ्या डोक्यातली भीती नाही. अमेरिकेत 2014 साली जनरल मोटर्सने इग्निशन स्विचच्या दोषासाठी सुमारे 26 लाख छोट्या कार परत बोलावल्या. स्विचमधली अडकण कमजोर होती. जड जुडगा किंवा गुडघ्याचा धक्का याने चावी चालत्या गाडीत ऑनवरून मागे जायची, इंजिन बंद पडायचं आणि एअरबॅगही उघडायची नाही. कंपनीच्या नुकसानभरपाई निधीने 124 मृत्यू या दोषाशी जोडलेले मान्य केले. दुरुस्ती होईपर्यंत कंपनीने मालकांना सांगितलं होतं की कडीतलं सगळं काढा, नुसती चावी ठेवा. त्याच वर्षी जूनमध्ये पाच लाखांवर कॅमरो गाड्या परत बोलावल्या, कारण ड्रायव्हरचा गुडघा चावीच्या रिमोटच्या डोक्याला लागत होता. उपाय काय केला? रिमोट चावीपासून वेगळा केला. आणखी काही मॉडेलांत चावीच्या डोक्यातली लांबट फट बुजवून तिथे छोटं गोल भोक ठेवलं, म्हणजे जुडगा एका बाजूला घसरून तरफ लावणार नाही.

ते कारचं झालं. ट्रकमध्ये चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं तर काय होईल ते खंबाटकी घाट उतरताना कल्पून बघा. पॉवर स्टिअरिंगचा पंप इंजिनवर, तो थांबला की 25 टनांची गाडी हाताने वळवायची. हवेचा कॉम्प्रेसरही इंजिनवर, म्हणजे टाकीत आहे तेवढीच हवा, आणि प्रत्येक ब्रेकला ती कमी होणार. जुन्या पंपाच्या, स्टॉप केबलच्या गाड्यांत चावी मागे गेली तरी इंजिन चालूच राहायचं. आताच्या ईसीएमच्या, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरवर चालणाऱ्या गाडीत तसं नाही.

तेव्हा इग्निशनची चावी एकटी, सोबत फार तर गाडी नंबरचा कापडी बिल्ला. बाकीच्या चाव्या दुसऱ्या कडीत, क्लीनरकडे. गणपती डॅशबोर्डवर. आणि खंडेनवमीला, दसऱ्याला झेंडूचा हार स्टिअरिंगला घाला, चावीला नको. हसू नका. आमच्या एका गाडीत ओल्या झेंडूचा भरगच्च हार दोन दिवस चावीवर होता, हार ओढून काढताना चावी पण आली, अर्धी.

काच पुसताना झालेला तुमचा दुसरा प्रसंग. दोन्ही मोठ्या काचा आतून पुसायला क्लीनर ड्रायव्हरच्या सीटवर गुडघे टेकून पुढे वाकतो, किंवा एक पाय सीटवर आणि एक डॅशवर ठेवतो. पोराचा दोष नाही, तिथे पोचायला दुसरा रस्ता नाही. त्या वेळी चावी लॉकमध्ये नको, एवढंच. सामान आत टाकतानाही तेच. ताडपत्रीचा दोरखंड, व्हील पाना, जॅकची टामी हे सगळं ड्रायव्हरच्या दारातून भिरकावायची पद्धत आहे. ते डाव्या दाराने जाऊ द्या.

रस्त्यावरची भांडणं हा आणखी एक प्रकार. कोणीतरी पायरीवर चढून खिडकीतून हात घालतो आणि चावी हिसकायला बघतो. हिसका तिरका बसतो, चावी वाकते. तशी वेळ आली तर ड्रायव्हरने गाडी बाजूला घेऊन स्वतःच चावी काढून हातात ठेवावी. हमरीतुमरीत चावी वाचते आणि गाडीही जागची हलत नाही.

आता जोर लावण्याविषयी, आणि इथे थोडं जास्त बोलतो. धक्क्याने चावी तुटते हे खरं, पण बरीचशी चावी आधीच निम्मी मेलेली असते. ती मारतो ड्रायव्हरचा मनगटाचा जोर.

गाडी उभी करताना चाकं वळलेली राहिली की स्टिअरिंग लॉकच्या खुंटीवर ताण बसतो. सकाळी चावी फिरत नाही, मग पिळतात. डाव्या हाताने स्टिअरिंग दोन्हीकडे थोडं हलवत राहा आणि उजव्या हाताने चावी हलकेच फिरवा, ती लोण्यासारखी फिरते. तुमच्या ड्रायव्हरला माहीत असेलही, पण करून दाखवा. बॅटरी उतरली, टर्मिनल सैल झालं की सेल्फ कण्हत फिरतो, आणि माणूस चावी आणखी पिळतो, जणू त्याच्या मनगटातून करंट जातोय. चावीकडून स्टार्टरच्या रिलेला फक्त इशारा जातो. सेल्फची शेकडो अँपिअरची तार वेगळीच असते. सेल्फ मंद असेल तर टर्मिनल घट्ट करा, बॅटरी बघा.

लॉक कोरडं आणि स्वच्छ ठेवा. सिमेंट, क्रशरची डस्ट किंवा भुसा वाहणारी गाडी असेल तर लॉकच्या तोंडात पावडर जाते, पावसाळ्यात दमट हाताने तिचं पीठ होतं. सिमेंटची तर गोळीच बनते. महिन्यातून एकदा कॉम्प्रेसरच्या हवेचा हलका फवारा मारायचा आणि कोरडं सिलिकॉन किंवा पीटीएफईचा (टेफ्लॉनचा) स्प्रे नळीने अर्धा सेकंद. ग्रीस, इंजिन ऑइल, खोबरेल काही नको. दोन दिवस गुळगुळीत वाटतं, मग धूळ चिकटून जातं आणि आतल्या पत्र्यांच्या बारीक स्प्रिंगा दबतात. केबिन धुताना पाइप डॅशकडे वळवू नये हे वेगळं सांगायला नको.

नक्कल करताना झिजलेल्या चावीवरून नक्कल करू नका. झीजसुद्धा हुबेहूब उतरते आणि नवी चावी पहिल्या दिवसापासून अडकते. घरातली न वापरलेली दुसरी चावी नमुना म्हणून द्या. चिप असलेली चावी असेल तर नुसतं पातं कापून भागणार नाही, ती गाडीला शिकवून घ्यावी लागते.

एक खूण लक्षात ठेवा. सेल्फ मारून सोडल्यावर चावी आपणहून ऑनवर परत आली पाहिजे. बोटाने मागे आणावी लागत असेल तर स्विचची स्प्रिंग गेली. असा स्विच चालवला तर सेल्फ अडकून जळतो. तिथे चावीची काळजी करत बसू नका, स्विच बदला.

हे सगळं झालं की मग गार्ड. त्याला खरी जागा आहे, पण ती जिथे चावी काढताच येत नाही तिथे. टिपर आणि मिक्सरमध्ये इंजिन चालू ठेवून ड्रायव्हर खाली उतरतो, बॉडी बघतो, पुन्हा चढतो, दिवसातून वीस वेळा. दुसरं, एसी केबिन. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या एन-2 आणि एन-3 वर्गातल्या, म्हणजे साडेतीन टनांवरच्या ट्रकना ती सक्तीची आहे. रात्री इंजिन चालू ठेवून बर्थवर झोपणारे वाढणार, आणि झोपेत लांबवलेला पाय कुठे जाईल सांगता येत नाही. (बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवून झोपू देऊ नका, धुराने माणूस जातो.)

लोखंडी पट्टी मात्र बसवू नका. मी बसवली होती, 2009 च्या सुमारास, कौतुकाने वेल्ड करून, कडा घासून. चावी वाचली. पण एका जोरदार ब्रेकला ड्रायव्हरचा गुडघा त्या पट्टीवर आपटला आणि तीन टाके पडले. चावी दोनशे रुपयांची होती. दुसऱ्या दिवशी सगळ्या पट्ट्या काढल्या.

आता रेडिएटरच्या जाड होजचा तुकडा वापरतो. चावीच्या डोक्यापेक्षा होज चांगला रुंद असावा, दोन बोटं सहज आत जातील इतका. तुकडा अर्धगोल कापायचा, वरून उघडा. भिंत खालून आणि दाराच्या बाजूने. उंची चावीच्या डोक्यापेक्षा बोटभर जास्त, म्हणजे गुडघा आधी रबरला लागतो, रबर दबतं, पाय मागे येतो. कॉलमच्या कव्हरवर जाड दुहेरी टेपने चिकटवायचा आणि केबल टायने बांधायचा. कव्हरला भोक पाडून स्क्रू मारायचा नाही, मागे दिवे-वायपरच्या कॉम्बिनेशन स्विचच्या तारांचा जुडगा असतो. बसवल्यावर स्टिअरिंग सगळ्या कोनांत टिल्ट करून बघा, चावी ऑफपासून स्टार्टपर्यंत नेऊन सोडा, रबरला न घासता ती परत आली पाहिजे. मग ड्रायव्हरला डोळे मिटून एका हाताने इंजिन बंद करायला लावा. त्यात तो चाचपडला तर रबर आणखी कापा. अडचणीच्या वेळी चावी क्षणात सापडली पाहिजे.

घडीच्या चाव्या ट्रकला मला आवडत नाहीत. पात्याच्या बिजागरीतली पिन सैल होते आणि लांब डोक्यामुळे तरफ वाढते. जमलं तर साधं पातं वापरा, रिमोट वेगळा.

इतकं करूनही तुटली तर? दुसरी चावी कुठे आहे यावर सगळं अवलंबून. नारायणगावहून टोमॅटो भरून वाशीला निघालेल्या आमच्या गाडीची चावी आळेफाट्याला रात्री ढाब्यावर तुटली. दुसरी चावी मालकाच्या कपाटात, कपाटाची चावी पुण्याला गेलेल्या सुनेकडे. तिथल्या मिस्त्रीने स्विचच्या तारा जोडून इंजिन चालू करून दिलं, आणि मग सगळ्यांच्या लक्षात आलं की स्टिअरिंग लॉक आहे. माल पहाटेच्या बाजाराला पोचला नाही, दुपारी मिळेल त्या भावाने गेला. त्या दिवसापासून प्रत्येक गाडीची दुसरी चावी आमच्या ऑफिसात नंबर लावलेल्या खिळ्यावर असते. एसटीच्या पार्सलने किंवा त्या बाजूला निघालेल्या दुसऱ्या गाडीने ती पोचते. दुसरी चावी केबिनमध्ये लपवू नका. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही मूळ चाव्या मागते. चावीसोबत आलेल्या पत्र्याच्या बिल्ल्यावरचा नंबर आजच फोनमध्ये टिपून ठेवा, त्यावरून शोरूममधून चावी मागवता येते.

तुटलेलं पातं आतच असेल तर फेविक्विक लावून डोकं चिकटवायचा उद्योग करू नका. गोंद पत्र्यांत उतरतो आणि लॉक बाद होतं. आधी बघा, पातं बंदच्या स्थितीत आहे का. ऑनवर तुटली असेल तर पातळ स्क्रूड्रायव्हरने ते हळू परत ऑफला फिरवा, त्याशिवाय ते बाहेर येणार नाही. मग अर्धा सेकंद कोरडा स्प्रे, आणि जिग-सॉच्या बारीक पात्याचा तुकडा, दात बाहेरच्या दिशेने, चावीच्या खाचेलगत आत सरकवून हलकेच ओढा. दोन-तीन प्रयत्नांत येतं. नाही आलं तर चावीवाल्याला बोलवा, आत ढकलू नका. आणि दोन्ही तुकडे फेकू नका. दुसरी चावी नसली तर ते एकत्र धरून चावीवाला त्यांच्यावरून नवीन पातं कापून देतो, आम्ही ते काडेपेटीत घालून ठेवतो.